नाव कुणी ठेवायचं?



पावसाळा सरल्यापासून एकाच विषयावर तीन-चार पत्रे आमच्याकडे आली आहेत आणि बैठकांतही तोच विषय पुन्हा पुन्हा निघतो आहे. पाड्याचे नाव बदलायचे का? एका पाड्यावर पोरांनी 'नगर' लावून नवी पाटी रंगवली, म्हाताऱ्यांनी ती रात्रीतून काढून ठेवली. दुसरीकडे ग्रामपंचायतीने पाड्यावरच्या एकाही माणसाला न विचारता वस्तीला एका पुढाऱ्याच्या वडिलांचे नाव द्यायचा ठराव करून टाकला. तिसऱ्या ठिकाणी कातकरी बायांनी सरळ विचारले, "आमच्या वाडीला आमच्या जातीवरून हाका मारतात. ते आम्ही किती दिवस ऐकायचं?" तिन्ही ठिकाणच्या लोकांना एकच हवे आहे, संघटनेने काहीतरी सांगावे.

आम्हाला जे वाटते ते आधीच सांगून टाकतो. नाव ठेवायचे की बदलायचे, हे ज्या पाड्याचे नाव आहे त्या पाड्याने ठरवावे, दुसऱ्या कुणी नाही. आणि बदलायचे असेल तर बदलण्याच्या आधी जुने नाव कागदावर पक्के चढवून घ्यावे. यात घाई करू नये, कारण आपल्याकडे पाड्याच्या नावाला जमीन बांधलेली आहे. कशी, ते नीट बघू.

आपल्या पाड्यांना नावे कुणी बसून ठेवलेली नाहीत, ती आपोआप पडलेली आहेत. जिथे लोक राहिले तिथे जे होते ते नावात आले. झाड होते म्हणून चिंचपाडा, उंबरपाडा, जांभूळपाडा, मोहपाडा, पळसपाडा. जागा उंचावर म्हणून डोंगरपाडा, खडकावर म्हणून खडकीपाडा. कुणी पहिले घर बांधले त्याचे किंवा त्याच्या कुळाचे नाव म्हणून वांगडपाडा, गावितपाडा. पाडा हा शब्द आपल्याकडचा. रायगडात त्यालाच वाडी म्हणतात, गडचिरोलीकडे टोला, गुजरातच्या हद्दीवर फळिया, आणि खानदेशात गावाच्या कडेला असलेल्या भिल्लांच्या वस्तीला भिलाटी. शब्द वेगळे, रीत एकच. लोक आधी राहिले, नाव मागून आले.

म्हणून आपले नाव म्हणजे एक साक्ष आहे. नवापाडा हेच नाव घ्या. आपल्या भागात नवेपाडे पुष्कळ आहेत. पण नवा असेल तर जुना कुठे आहे? विचारा म्हाताऱ्यांना. कुठे भाऊबंद वाढले म्हणून नवा पाडा झाला, कुठे रोगराई आली म्हणून लोक उठून आले. आणि कुठे जुन्या पाड्यावर जंगलखात्याची हद्द आली, माणसे खाली आली, आणि वर फक्त विहिरीचे दगड, आंब्याची रांग आणि देवाची जागा उरली. त्या जागेला आजही लोक 'जुना पाडा' म्हणतात, भगत वर्षातून एकदा तिथे जाऊन कोंबडा देतो. जंगलखात्याच्या कागदात ती जागा म्हणजे एक कंपार्टमेंट नंबर. तिथे कधी माणूस राहत होता हे त्या नंबरात कुठे दिसत नाही. 'नवापाडा' या नावात मात्र ते अजून शिल्लक आहे. उद्या पोरांनी नवापाड्याचे गणेशनगर केले, तर 'जुना कुठे?' हा प्रश्न विचारायला कुणाला सुचणार?

आता दुसरी बाजू. आपण ठेवलेल्या नावांशेजारी दुसऱ्यांनी ठेवलेलीही नावे आहेत, आणि ती कागदावर जास्त चालतात.

बागायतदाराच्या फाटकासमोर एसटी थांबते, म्हणून थांब्याचे नाव 'अमुक शेठची वाडी'. कंडक्टर तेच नाव ओरडतो, तिकिटावर तेच येते, दहा वर्षांनी आपले लोकही पत्ता सांगताना तेच नाव सांगू लागतात. मग त्याच वाडीच्या कडेला पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला शेठ म्हणतो, "माझ्या वाडीत राहतोस, उठ." त्याचे पहिले साक्षीदार आपणच, कारण पत्ता आपणच तसा सांगत आलो. १९४८ च्या कूळ कायद्यात कुळाच्या घराखालच्या जागेलाही संरक्षण आहे. ते मागायला गेले की राहायची जागा कुठली, कुणाची, हे सांगावे लागते, आणि तिथे तोंडातून शेठचेच नाव निघते.

मुंबईत आरे दूध वसाहत १९४९ साली सुरू झाली. तिथले आदिवासी पाडे त्याच्या आधीचे आहेत. खांबाचा पाडा, दामूचा पाडा, केलटीपाडा ही त्यांची नावे. वसाहतीने मात्र गोठ्यांच्या हिशेबाने जागेला युनिट नंबर दिले. आता टपाल, रेशन, सगळे युनिटच्या नंबरावर. म्हशींच्या गोठ्याला नंबर मिळाला आणि माणसांनी त्या नंबराखाली राहायचे, असा तो प्रकार.

त्र्यंबकच्या डोंगरातून निघणारी वैतरणा आपल्या मुलखातून वाहते. मुंबईला पाणी न्यायला तिच्यावर बांध घातला आणि तलावाचे नाव मोडकसागर ठेवले, मुंबई महापालिकेच्या मोडक नावाच्या इंजिनियरवरून. इंजिनियर हुशारच असतील, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण पाणी मुंबईला गेले आणि तलावाचे नावही मुंबईच्याच माणसाला गेले. मोखाड्यात मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची.

आणि आपल्या गावांची नावे महाराष्ट्राला कधी कळतात? १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे नाव सगळ्या पेपरांत आले. मुले भुकेने आणि आजाराने मेली तेव्हा. त्याआधी ते नाव मंत्रालयात किती जणांना माहीत होते? शिरगणतीत गाव म्हणजे महसुली गाव. पाड्याची वेगळी मोजणी होत नाही. दहा पाडे मिळून एक गाव, आणि गावाचे नाव बहुतेक वेळा ज्या पाड्यावर पाटलाचे घर, शाळा आणि सोसायटी त्याचे. बाकीच्या नऊ पाड्यांवर काय घडते ते त्या एका नावाखाली झाकून जाते. सरासरीत सगळे बरे दिसते.

म्हणजे आपल्या पाड्याचे नाव बहुतेक ठिकाणी बोलण्यात आहे, कागदात नाही. या अवस्थेत बोलण्यातलेही नाव आपणच बदलले, तर जुने नाव कुठेच उरणार नाही. आम्ही घाई करू नका म्हणतो ते यासाठी.

जमिनीच्या कामात हे कसे आडवे येते, त्याची तीन उदाहरणे सांगतो. आपल्या कार्यकर्त्यांना ही माहीत आहेत, पण प्रत्येक पाड्याला माहीत असायला हवीत.

पहिले, सातबारा. सातबाऱ्याच्या उताऱ्यात 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना आहे. आपला उतारा काढून बघा. बहुतेक ठिकाणी तो कोरा असतो. तलाठी भरत नाही आणि आपण भरून मागत नाही. आता हा कोरा रकाना किती महागात पडतो ते बघा. जमिनीचे एकत्रीकरण झाले तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळण्याची वाट झाली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेलेल्या जमिनींसाठी तो कायदा आहे. पण केस लढायला गेले की बापाच्या वेळचा सर्व्हे नंबर एक आणि आजचा गट नंबर दुसरा. समोरचा वकील म्हणतो, ही ती जमीनच नव्हे. अशा वेळी म्हातारी साक्षीला उभी राहते आणि सांगते, "ते मोहाच्या पाटीचं खाचर." नंबर दोनदा बदलला, खाचराचे नाव बदलले नाही. ते नाव उताऱ्यावर असते तर म्हातारीच्या बोलण्याला कागदाचा आधार मिळाला असता.

दुसरे, जंगलातले प्लॉट. कसणाऱ्याकडे पुरावा काय? बहुतेकांकडे दंडाच्या पावत्या. त्या पावतीवर गावाचे नाव आणि कंपार्टमेंट नंबर. आपण त्या जागेला वाघाची टेकडी म्हणतो, गार्ड तिला नंबर म्हणतो. वर्षे गेली, गार्ड बदलला, नंबरही बदलला, की ही पावती त्याच जमिनीची हे दाखवायचे कसे? ज्या पाड्यांनी डोंगर, ओहोळ आणि माळ यांची नावे आणि शीव एका वहीत लिहून ठेवली, त्यांना चौकशीत नुसते बोट दाखवण्यापेक्षा जास्त काही दाखवता आले.

तिसरे, जातीचा दाखला. दाखल्यासाठी विचारतात की ६ सप्टेंबर १९५० रोजी तुमचे कुटुंब कुठे राहत होते. आजोबाचे नाव जिथे कुठे लिहिलेले असेल, जन्ममृत्यूच्या नोंदीत किंवा शाळेच्या रजिस्टरात, तिथे जुन्या पाड्याचे नाव असते. नातवाच्या अर्जावर नवे नगर आणि आजोबाच्या नोंदीत जुना पाडा, मग कारकून म्हणतो, दोन्ही गावे एकच कशावरून? एका पाटीपायी पोराचे कॉलेजचे वर्ष जाते. पाटी रंगवणाऱ्या पोरांनी हे आधी लक्षात घ्यावे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की संघटना जुने ते सोने म्हणते आहे. तसे नाही. काही नावे बदललीच पाहिजेत आणि ती बदलायची मागणी करणाऱ्यांच्या पाठीशी आम्ही आहोत.

दलित बांधवांनी १९५६ च्या धर्मांतरानंतर महारवाड्याचे बौद्धवाडा, भीमनगर, समतानगर केले. ते कुणाला विचारून केले नाही आणि विचारायची गरजही नव्हती. महारवाडा हे नाव त्यांनी ठेवले नव्हते. गावाने त्यांना शिवेबाहेर ठेवले आणि त्या ठेवण्याला दिलेले ते नाव होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला, तर घरे जळली, माणसे मारली गेली. नाव लागायला १९९४ चा जानेवारी उजाडला. एका नावासाठी सोळा वर्षे. नावात काय आहे असे विचारणाऱ्यांनी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. नाव ही खाऊनपिऊन सुखी माणसांची चैन असती, तर गरिबांनी तिच्यासाठी एवढे सोसले नसते.

आपल्यातही असे आहे. माणसांच्या नावांकडे बघा. सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारचा मंगळू, बुधवारचा बुधा. सावकाराने त्यांना सोम्या, मंगळ्या, बुध्या केले आणि तलाठ्याने तसेच उताऱ्यावर लिहिले. शेठचे नाव 'भाई' लावून आणि आपले नाव 'या' लावून. वेठबिगारीत अंगाचे कष्ट जसे लुटले, तशीच नावाची इज्जतही लुटली. १९४५ साली वारली माणूस वेठीविरुद्ध उठला तेव्हा त्याने मजुरी मागितली आणि सोबत माणूस म्हणून हाक मारा असेही सांगितले.

दुबळा या जमातीचे उदाहरण घ्या. दुबळा म्हणजे अशक्त, कमजोर. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाला दुबळा म्हणायचे! त्या लोकांनी हळपती हे नाव घेतले, नांगराचा धनी. चांगलेच केले. पण एक लक्षात घ्या. सरकारच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आज दुबळा, तलाविया, हळपती अशी तिन्ही नावे एकाच ओळीत आहेत. म्हणून हळपती म्हणवणाऱ्याला दाखला मिळायला अडचण नाही. नवे नाव मानाने घेतले, जुने हक्कापुरते कागदावर राहिले. पाड्याचे नाव बदलायचे असेल तर हीच रीत धरावी असे आम्हाला वाटते.

आता त्या कातकरी बायांचा प्रश्न. तो सर्वांत अवघड आहे, म्हणून त्यावर जरा थांबू.

कातकरी हे नाव कातावरून आले. खैराचे लाकूड उकळून कात काढणारे ते कातकरी, काथोडी. म्हणजे त्या नावात खैराचे जंगल आहे आणि त्यावरचा त्यांचा हातही आहे. पुढे खैर सरकारचा झाला, ठेका ठेकेदाराचा झाला, आणि ज्यांचे नावच कातावरून पडले त्यांच्या हाती वीटभट्टीचा साचा आला. या बाजूने बघितले तर ते नाव पुसणे म्हणजे जंगलावरचा दावा पुसणे. पण दुसऱ्या बाजूने बघा. रोज सकाळी त्याच नावाने ज्याला हाकलले जाते, त्याला खैराची गोष्ट सांगून काय उपयोग? आणि हाकलणारे सगळे बाहेरचे नाहीत. वारली, कोकणा, ठाकूर यांच्या पाड्यांवर कातकऱ्यांची चार घरे कडेला असतात, पाण्यावर त्यांचा नंबर शेवटी असतो, आणि 'काथोडी' हा शब्द शिवीसारखा वापरणारे आपल्यात आहेत. हे थांबले पाहिजे. ते थांबल्याशिवाय नावाच्या मोठेपणावर कातकऱ्यांना कुणी शिकवण देऊ नये.

म्हणून या प्रश्नाला आमचे उत्तर असे की वाडीचे नाव काय असावे, ते वाडीवरच्या घरांनी ठरवावे, आणि त्यातही बायांनी. हाका त्याच जास्त ऐकतात, पाण्यावर, बाजारात, भट्टीवर. मोठ्या पाड्याची बहुमताची सभा त्यांच्या वतीने ठराव करू शकत नाही, नाव ठेवायचाही नाही आणि बदलायचाही नाही. त्यांनी नवे नाव घेतले तर बाकीच्या पाड्यांनी दुसऱ्या दिवसापासून तेच नाव तोंडी घ्यायचे. यात मान देण्याइतकीच संघटनेची एकीही आहे.

'नगर' मागणाऱ्या पोरांशीही बोलायला हवे, त्यांना दमदाटी करून चालणार नाही. तालुक्याच्या कॉलेजात पाड्याचे नाव सांगितले की हसतात, असे ती सांगतात. खरे आहे, हसतात. पण हसणारा कशाला हसतो? चिंच, उंबर, जांभूळ यात हसण्यासारखे काय आहे? पुण्यामुंबईत वडगाव, पिंपळगाव, चिंचपोकळी, भेंडीबाजार ही नावे चालतात, तिथे कुणी हसत नाही. हसू येते ते 'पाडा' ऐकून, म्हणजे आदिवासी आहे हे कळल्यावर. पाटी बदलली तरी पहिल्याच बाकावरचा पोरगा विचारणार, "नगर म्हणजे कुठे रे? त्या पाड्यावरच ना?" मग पुढे काय, आडनाव बदलणार? आईची भाषा बदलणार? बदल हसणाऱ्यात व्हायला हवा. तो व्हायला वेळ लागेल, पण पाटी रंगवून तो लवकर होणार नाही.

आणि बारीक बदलही डोळ्यांत तेल घालून बघा. मोहपाड्याचे कुणी मोहनपाडा लिहिले तर एका अक्षराने मोहाचे झाड नावातून गेले आणि देव आला. मास्तर असे सुधारून लिहितात, वाईट हेतूने नाही, त्यांच्या कानाला ते शुद्ध वाटते म्हणून. आपल्या झाडाला अशुद्ध म्हणायचा अधिकार त्यांना कुणी दिला, हे मात्र विचारले पाहिजे.

पुढाऱ्याच्या वडिलांच्या नावाबद्दल फार लिहायला नको. नारळ फोडायला गाडी येते, पाण्याचा पाइप टाकायला येत नाही. ज्या पाड्याला नाव द्यायची एवढी हौस, त्या पाड्याचा रस्ता, अंगणवाडी, हातपंप आधी दाखवा. माणसाचे नाव द्यायला आमचा विरोध नाही. उद्या एखाद्या पाड्याने जेठ्या गांगडचे नाव घेतले, जो १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याच्या गोळीबारात पडला, तर ते नाव त्या मातीतलेच म्हणायचे. पाड्यासाठी ज्याने काही दिले त्याचे नाव पाड्याने द्यावे. पाड्याकडून ज्याला मते हवीत त्याने स्वतःच्या बापाचे नाव स्वतःच्या बंगल्याला द्यावे.

१९९५ साली सरकारने बॉम्बेचे मुंबई केले. ते योग्य झाले, कारण मराठी माणूस, कोळी, भंडारी, गिरणीकामगार पूर्वीपासून मुंबईच म्हणत होता. लोकांच्या तोंडी होते ते कागदावर आले. आम्हीही याहून वेगळे काही मागत नाही. आमच्या तोंडी जे आहे ते कागदावर आणा. राजधानीला जो न्याय लावला तोच पाड्याला लावा.

मात्र नुसत्या नावावर भरवसा ठेवून बसू नका, हेही सांगितले पाहिजे. ठाण्यातला नौपाडा सगळ्यांना माहीत आहे. नावात पाडा अजून आहे. पण तिथे आज दुकाने, बँका आणि इमारती, एक भाताचे खाचर शोधून दाखवा. नाव राहिले, जमीन राहिली नाही. आणि उलट बाजूला नंदुरबार जिल्ह्यातले मणिबेली बघा. सरदार सरोवरात बुडणारे महाराष्ट्रातले पहिले गाव. नर्मदेच्या काठचे घर, शेत, देव पाण्याखाली जात असताना त्या लोकांनी मणिबेली हे नाव देशभर पोचवले. पुनर्वसनाच्या जागेला सरकार 'वसाहत' म्हणते, नकाशात चौकोन आखून प्लॉटला नंबर देते. लोक मात्र आपण कुठले म्हणून विचारले की बुडालेल्या गावाचेच नाव सांगतात. जमीन नसलेले नाव आणि नाव नसलेली जमीन, दोन्ही वाट्याला येऊ नयेत यासाठी तर आपली लढाई आहे.

नावाला वजन कसे येते ते गडचिरोलीतल्या मेंढ्याने दाखवले. मेंढा नावाची गावे एकाहून जास्त, म्हणून ओळखीसाठी शेजारच्या लेखा गावाचे नाव कंसात लावून मेंढा (लेखा) म्हणतात. इतके साधे नाव. त्यांनी ते बदलले नाही. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणाले आणि तसे वागून दाखवले, सगळ्यांनी एकत्र बसून, एकमताने, जंगलाची राखण स्वतः करून. आज मेंढ्याचे नाव मंत्रालयातही दबकून घेतात.

आपल्यालाही तशी वाट मोकळी झाली आहे. २४ डिसेंबर १९९६ ला अनुसूचित क्षेत्रांसाठी स्वशासनाचा कायदा झाला. त्यात गाव कशाला म्हणायचे ते लिहिले आहे. एक वस्ती किंवा काही वस्त्या, एक पाडा किंवा काही पाडे, जिथला समाज आपल्या रूढीपरंपरेप्रमाणे आपला कारभार बघतो, ते गाव. अशा प्रत्येक गावाला ग्रामसभा, आणि आपली परंपरा, ओळख आणि सामायिक साधनसंपत्ती जपायला ती ग्रामसभा समर्थ आहे असे कायदा म्हणतो. गेलेली जमीन परत मिळवायचे अधिकारही त्यात सांगितले आहेत. याला विरोधी असलेले राज्यांचे कायदे बदलायला एक वर्षाची मुदत दिली होती, ती डिसेंबर १९९७ मध्ये संपली. रायगडच्या कातकरवाड्या अनुसूचित क्षेत्रात नाहीत म्हणून त्यांना हा कायदा लागत नाही, ती लढाई वेगळी लढावी लागेल. पण आपल्या तालुक्यांत पाड्याला गाव म्हणून मान्यता मागायची वेळ आता आली आहे. मागणीच्या अर्जावर पहिलीच ओळ असणार, पाड्याचे नाव. त्या ओळीत काय लिहायचे यावर तेव्हा भांडत बसू नये, म्हणून आत्ताच बसा.

प्रत्येक पाड्याने २४ डिसेंबरच्या आत एवढे करावे, अशी संघटनेची विनंती आहे :

१) रात्रीची सभा घ्या, बाया आणि म्हातारी माणसे आल्याशिवाय सुरू करू नका. पाड्याला आजवर कोणकोणत्या नावांनी हाका मारल्या, त्यातले कोणते कुणी दिले, ते सगळे एका वहीत लिहा. जे वाईट आहे तेही लिहा.

२) पाड्याच्या शिवेतली सगळी नावे लिहा. खाचरे, वरकस, माळ, ओहोळ, विहिरी, देवांच्या जागा, स्मशान, जुन्या पाड्याची जागा. शेजारच्या पाड्याला बोलावून शीव कुठे आहे ते दोघांनी मिळून लिहा, म्हणजे पुढे भांडण नको.

३) शेवटी सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. वहीच्या दोन प्रती करा, एक पाड्यावर, एक संघटनेच्या कचेरीत.

४) ज्यांच्या नावे सातबारा आहे त्यांनी 'शेताचे स्थानिक नाव' हा रकाना भरून मिळावा म्हणून तलाठ्याकडे अर्ज करा. पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्जाचा नमुना कार्यकर्त्यांकडे आहे.

५) पाड्याचे नाव बदलायचे ठरलेच, तर ठरावात 'पूर्वीचे नाव अमुक' असे लिहा, आणि रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेचे रजिस्टर या सगळीकडे निदान काही वर्षे दोन्ही नावे 'ऊर्फ' लावून चालवा.

६) ग्रामपंचायतीने तुम्हाला न विचारता नाव ठरवले असेल तर पाड्याच्या सभेचा विरोधी ठराव करून पाठवा आणि त्याची एक प्रत आमच्याकडे द्या.

ज्या पाड्यावर पाटी लावली आणि काढली, तिथल्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना आमचे सांगणे एवढेच की वही लिहायला एकत्र बसा. म्हाताऱ्यांना नावे माहीत आहेत, त्यांना लिहिता येत नाही. पोरांना लिहिता येते, पण नावे माहीत नाहीत. दोघांचे एकमेकांवाचून चालणार नाही. वही पुरी झाल्यावर पाटीवर काय लिहायचे ते ठरवा, जे ठरेल ते आम्हाला मान्य.

पुढच्या अंकात पाड्यांकडून आलेली नावे छापणार आहोत. कुणाची शीव कुठवर, कुठल्या ओहोळाला काय म्हणतात, जुना पाडा कुठे होता. कागद थोडा आहे, शाई महाग आहे, पण या नावांना जागा कमी पडू देणार नाही.

ज्याची जमीन, त्याचे नाव. ज्याचे नाव, त्याचा निर्णय.

जिंदाबाद!